शेक्सपिअरच्या पऱ्या आणि आपल्या साती आसरा



आजच्या विषयात ‘पऱ्या’ हा शब्द वाचून काहींना वाटले असेल की कार्यक्रम लहान मुलांचा आहे. परी म्हटले की पाठीला पंख, हातात चमचमती छडी आणि अंगावर पांढरा झगा, हेच चित्र आपल्या नातवंडांच्या डोळ्यांपुढे येते. ते चित्र फार जुने नाही. ज्या इंग्लंडातून ते आपल्यापर्यंत आले, तेथेही चारशे वर्षांपूर्वी परीचे नाव घेताना बाया आवाज खाली करीत. आपल्या विहिरींवर, नदीच्या डोहांवर ज्यांचा वास मानला जातो त्या साती आसरांचे नाव घेताना आपल्या आज्या जसा आवाज खाली करीत, अगदी तसाच.

भीतीची देवता गोष्टीतली देवता कशी होते, हा माझ्या बोलण्याचा धागा आहे. इंग्लंडात हे काम नाटकाने केले. आपल्याकडे ते कुठपर्यंत झाले आणि पुढे कोणी करायचे, याचा विचार आपण करू.

प्रथम शब्द पाहू. इंग्रजीतला ‘फेअरी’ आणि आपला ‘परी’ कानाला सख्खे वाटतात, पण दोघांची घराणी निराळी. परी फारशीतून आली, उर्दूच्या ओट्यावर बसली आणि तेथून मराठीत उतरली. फेअरी हा शब्द फ्रेंचमार्गे लॅटिनमधल्या ‘फाटा’ या शब्दापर्यंत जातो. फाटा म्हणजे नशीब लिहिणाऱ्या देवता. आता आपल्याकडे मुलाच्या जन्मानंतर नशीब लिहायला कोण येते? सटवाई. पाचवी-सहावीच्या रात्री पाट मांडून, कोरा कागद आणि लेखणी ठेवून आपण जिची वाट पाहतो ती. म्हणजे ‘फेअरी’ या शब्दाच्या मुळाशी जे काम दडले आहे, ते आपल्याकडे सटवाई करते.

दुसरा शब्द आसरा. हा ‘अप्सरा’ या शब्दाचा गावातला अवतार. अप् म्हणजे पाणी. पाण्यात वावरणारी ती अप्सरा. इंद्राच्या दरबारात नाचायला लागण्याआधी ती पाण्याचीच होती. शतपथ ब्राह्मणातल्या पुरूरव्याच्या कथेत उर्वशी आपल्या सख्यांसह पाणपक्ष्याच्या रूपात सरोवरात पोहताना त्याला दिसते. पुराणांनी आणि काव्यांनी अप्सरेला स्वर्गात नेले, अलंकार घातले. गावाने मात्र तिला पाण्यावरच ठेवले. सात दगड, त्यांना शेंदूर, पुढे हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, खण आणि नारळ. भारतीय संस्कृतीच्या अभ्यासकांनी या सात जणींची नावे नोंदली आहेत. त्यांत मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, मकरी अशी नावे आहेत. मासोळी, कासवी, खेकडी, बेडकी, मगर! पाण्यात जे जे जगते त्याचीच नावे. ही नावे लक्षात ठेवा. शेक्सपिअरकडे गेलो की त्यांची आठवण होईल.

शेक्सपिअरच्या आधीची इंग्लंड-स्कॉटलंडची परी कशी होती, हे एका बाईच्या हकिगतीवरून कळते. स्कॉटलंडात बेसी डनलॉप नावाची खेड्यातली बाई होती. औषधपाणी करी, हरवलेल्या वस्तूंचा ठाव सांगे. १५७६ मध्ये तिच्यावर चेटकाचा खटला झाला. तिने जबाबात सांगितले की आपण बाळंतपणात पडून असताना एक धिप्पाड बाई घरात आली, बाकावर बसली, प्यायला मागितले आणि ‘तुझे मूल जगायचे नाही, नवरा मात्र बरा होईल’ असे सांगून गेली. पुढे तिला कळले की ती पऱ्यांची राणी होती. या जबाबाचा शेवट असा झाला की बेसीला जाळण्यात आले.

नीट पाहिले तर या हकिगतीत अद्भुत फार थोडे आहे. बाळंतीण आहे, आजारी नवरा आहे, जगण्याची आशा नसलेले तान्हे मूल आहे आणि ते दुःख कोणाच्या तरी तोंडून ऐकून घेण्याची गरज आहे. त्या काळची परी अशी दुःखाच्या दाराशी उभी असे. धडधाकट मूल अचानक सुकू लागले, की पऱ्यांनी आपले मूल नेले आणि त्यांचे रोगट मूल पाळण्यात टाकले, असे लोक मानीत. मग खरे मूल परत मिळावे म्हणून त्या ‘बदललेल्या’ पोराचे हाल केले जात. दूध घुसळून लोणी आले नाही, वाटसरू रात्री रस्ता चुकला, पीक कुजले, तर ते परीचेच काम.

या भीतीला पहिला धक्का पुस्तकाने दिला. रेजिनाल्ड स्कॉट याने १५८४ मध्ये चेटकाच्या समजुतींचा समाचार घेणारे मोठे पुस्तक छापले. लहानपणी घरातल्या मोलकरणींनी भुताखेतांची नावे सांगून आपल्याला कसे घाबरवून सोडले, हे तो सांगतो. त्याच पुस्तकात घरकाम करणाऱ्या आणि त्याबद्दल वाडगाभर दूध घेणाऱ्या रॉबिन गुडफेलो या खोडकर भुताचा उल्लेख येतो. स्कॉट म्हणतो की आता त्याला कोणी फारसे भीत नाही. हाच रॉबिन गुडफेलो पुढे दहा-बारा वर्षांनी लंडनच्या रंगमंचावर ‘पक’ या नावाने उडी मारून आला.

‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ हे नाटक १५९५-९६ च्या सुमाराचे. छापले गेले १६०० मध्ये. दोन प्रेमी जोड्या रानात जातात, तेथे पऱ्यांच्या राजाराणीचे भांडण चालू असते, आणि पक चुकीच्या माणसाच्या डोळ्यांत प्रेमाचा रस पिळून सगळा घोटाळा करतो, ही त्याची कथा आपल्यापैकी अनेकांनी शाळा-कॉलेजात वाचली असेल. मी फक्त तीन गोष्टींकडे लक्ष वेधतो.

पहिली गोष्ट पकची. रात्री वाटसरूंना भुलवून हसणे हा त्याचा धंदा. आपल्याकडे याला नाव आहे: चकवा. ज्या शेताची वाट आंधळ्यालाही सापडावी त्या शेताभोवती माणूस रात्रभर फिरत राहतो आणि उजाडल्यावर पाहतो तर आपल्याच धुऱ्यावर उभा! ‘त्याला चकवा लागला’ असे आपण म्हणतो. पक हा इंग्रजांचा चकवा. लोणी येऊ न देणे, म्हातारीच्या पेल्यात शिरून तिच्या अंगावर पेय सांडणे, स्टूल बनून तिच्या बुडाखालून सरकणे, असे त्याचे उद्योग. शेक्सपिअरने त्याच्यात नवे काही घातले नाही. गावाला ठाऊक असलेले सगळे तसेच ठेवले. फक्त ते सांगायचे काम पकवरच सोपवले. भूत स्वतःच आपल्या खोड्या फुशारकीने सांगू लागले की ऐकणाऱ्याची भीती उरत नाही, हसू येते.

दुसरी गोष्ट आकाराची आणि नावांची. राणी टिटानियाच्या सेवेतल्या पऱ्यांची नावे मराठीत सांगायची तर वाटाण्याचे फूल, कोळ्याचे जाळे, पतंग आणि मोहरीचा दाणा अशी होतात. मघाची मासोळी, कासवी, बेडकी आठवली ना? इंग्लंडच्या परसातली नावे त्यांच्या पऱ्यांना, आपल्या पाण्यातली नावे आपल्या आसरांना. पण फरकही आहे. बेसीच्या घरात शिरलेली परी धिप्पाड होती. शेक्सपिअरच्या पऱ्या ओकच्या फळाच्या टोपीत लपून बसतात. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ मधल्या राणी मॅबचा रथ तर एका कवचीच्या फळाचा. जिला चिमटीत धरता येते तिला कोण भिणार?

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि आपल्याशी थेट नाते सांगणारी. राजा ओबेरॉन आणि राणी टिटानिया यांचे भांडण कशावरून आहे? एका हिंदुस्थानी मुलावरून. टिटानियाची एक भक्त हिंदुस्थानात होती. दोघी समुद्राकाठी बसून गलबते पाहत, हसत. ती बाई गरोदर होती आणि बाळंतपणात वारली. तिच्या आठवणीसाठी टिटानिया ते पोर वाढवते आहे आणि राजाला द्यायला तयार नाही. लंडनच्या लोकांपुढे शेक्सपिअरने पऱ्यांच्या मौजेच्या मध्यभागी बाळंतपणात मेलेली आपल्याकडची एक बाई आणून ठेवली! जुन्या समजुतीत परी मूल पळवून नेते. येथे ती मैत्रिणीचे पोरके मूल सांभाळते. भीतीचे ममतेत रूपांतर होते ते असे.

नाटकाच्या शेवटी लग्ने लागतात, दिवे मालवतात आणि पऱ्या घराघरांत फिरून आशीर्वाद देतात. कसला आशीर्वाद? होणाऱ्या मुलांना डाग, व्रण, फाटका ओठ यांपैकी काही नसो. ही सटवाईची रात्रच म्हणायची. आशीर्वाद ऐकला की मागची भीती कळते. त्या नाट्यगृहात बसलेल्या कितीतरी बायकांनी आपली मुले गमावली असतील. त्या काही वर्षांत इंग्लंडात पावसाने पिके कुजली, धान्य महागले. टिटानियाच्या तोंडी शेते पाण्याखाली गेल्याचे मोठे भाषण आहे, ते प्रेक्षकांना कल्पनेतले वाटले नसावे. शेक्सपिअरने दुःख लपवले नाही. त्या दुःखासाठी बेसीला जाळणे मात्र त्याच्या नाटकात शक्य राहिले नाही.

नाटकाने पुढचेही पाऊल टाकले. ‘मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर’ मध्ये गावच्या बायका मुलांना पऱ्यांची सोंगे देतात आणि लंपट म्हाताऱ्या फॉलस्टाफला रात्री रानात चिमटे काढून सरळ करतात. बेन जॉन्सनच्या १६१० च्या ‘अल्केमिस्ट’ मध्ये भोंदूंची टोळी एका कारकुनाला सांगते की पऱ्यांची राणी तुझी मावशी लागते, तिची तुझ्यावर कृपा होणार. मग त्याचे डोळे बांधतात, चिमटे काढतात, खिसा रिकामा करतात आणि त्याला संडासात कोंडून ठेवतात. प्रेक्षक पोट धरून हसतात. पण हसता हसता त्यांना एक धडाही मिळतो: जेथे परी आहे तेथे परीच्या नावावर पैसे काढणाराही असतो. ‘गुप्तधन काढून देतो’ म्हणणारे बाबा ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे नाटक चारशे वर्षांपूर्वीचे वाटणार नाही.

आता आपल्याकडे वळू. आपल्या रंगभूमीवर अप्सरा आहे, आणि मोठ्या मानाने आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली पुण्यात उभे राहिले आणि मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले. शकुंतला ही मेनकेची, म्हणजे अप्सरेची मुलगी. कालिदासाच्या मूळ नाटकात एक विलक्षण तपशील आहे. दुष्यंताने नाकारलेली शकुंतला रडत बाहेर पडते, तेव्हा अप्सरातीर्थाजवळ स्त्रीरूपातले एक तेज तिला उचलून घेऊन जाते. गर्भार, टाकलेली बाई, पाण्याचे ठिकाण आणि तिला नेणारी अप्सरा. हीच गोष्ट एखाद्या खेड्यातल्या म्हातारीने सांगितली असती तर ती म्हणाली असती, ‘पोरीला आसरांनी नेली.’ कालिदासाने त्या नेण्याला माहेरचा आधार केले. ज्या रामटेकला म. म. वा. वि. मिराशींनी मेघदूताचा रामगिरी ठरवले, ते आपल्यापासून फार दूर नाही. तेव्हा कालिदास हा आपल्या पंचक्रोशीतलाच, असे मानायला मला आवडते.

शेक्सपिअरही मराठीत लवकर आला. महादेवशास्त्री कोल्हटकरांचा ‘ऑथेल्लो’ १८६७ चा, नीलकंठ जनार्दन कीर्तन्यांचे ‘टेंपेस्ट’ १८७५ चे. ‘टेंपेस्ट’ बरोबर एरियल हा वायुरूप सेवकही मराठीत आला. पण मुख्य रंगभूमीने जी अप्सरा घेतली ती स्वर्गातली आणि जे भूत घेतले ते विलायतेतले. विहिरीवरच्या सात दगडांकडे तिचे लक्ष गेले नाही. शेक्सपिअरने पक आपल्या गावातून उचलला. आपली आसरा गावातच राहिली. तिच्याविषयी लिहिले ते संशोधकांनी. रा. चिं. ढेरे यांनी लोकदैवतांचा शोध घेतला, सरोजिनी बाबरांनी बायकांच्या तोंडची गाणी-कहाण्या गोळा केल्या, अॅन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषीने महाराष्ट्रातल्या नद्यांवरच्या १९९५ च्या ग्रंथात साती आसरांना मानाचे स्थान दिले. हे काम फार मोठे आहे. पण संशोधन ग्रंथालयात राहते. नाटक चावडीपर्यंत जाते.

याचा परिणाम काय? आसरेची गोष्ट विरत चालली आणि भीती मात्र शिल्लक राहिली. हे उलटे झाले. घरी नळ आला, विहिरी बुजल्या किंवा त्यांवर जाळी बसली, सात दगड रस्त्याच्या कामात इकडचे तिकडे गेले. आता मुलांना आसरा माहीत नाही, पण सुनेला बाळंतपणानंतर झटके आले, ती वेड्यासारखी बोलू लागली, तर ‘बाहेरचं काही असेल’ हे वाक्य अजून घरातल्या कोणाच्या तरी तोंडी येते. मग भगत, पडिहार, लिंबू-नारळ आणि तोवर हातातून गेलेले दोन दिवस. बाळंतपणातल्या झटक्यांना दोन तासांचीही उसंत नसते. जामसावळीला हनुमंताच्या पायाशी लोक दुखणी घेऊन येतात. श्रद्धेने जाणाऱ्याला मी अडवणार नाही. माझे म्हणणे एवढेच की दवाखान्याची वाट आधी आणि नवसाची वाट नंतर.

गोष्ट विझली आणि भीती उरली की काय होते, याचे दाखले शेक्सपिअरच्या शेजारच्या बेटावरही आहेत. १८९५ साली, त्या नाटकाला तीनशे वर्षे होत असताना, आयर्लंडच्या टिपेरारी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी ही सव्वीस वर्षांची बाई आजारी पडली. शिवणकाम करून स्वतःच्या पायांवर उभी असलेली ती बाई. ‘ही माझी बायको नव्हे, पऱ्यांनी बदललेली आहे’ असे तिच्या नवऱ्याने ठरवले. घरच्या माणसांच्या देखत तिचे हाल झाले आणि नवऱ्याने तिला जाळले. लंडनच्या थिएटरात पऱ्यांना पंख फुटले होते, मुलांच्या पुस्तकांत त्या नाचत होत्या. पण ते हसू त्या झोपडीपर्यंत पोहोचले नव्हते. म्हणून मी म्हणतो की हसू गावात, गावच्या बोलीत उमटावे लागते. बाहेरून आलेली पंखांची परी आपल्या आसरेची भीती घालवू शकत नाही. दोघींची ओळखच नाही.

भीती जाते कशी, हे सटवाईने दाखवले आहे. पाचवी-सहावीच्या जागरणामागे मोठे सत्य होते. अस्वच्छ हत्याराने नाळ कापल्यामुळे होणारा नवजात बाळाचा धनुर्वात जन्मानंतर तिसऱ्या दिवसापासून दुसऱ्या आठवड्यापर्यंत डोके वर काढतो. दूध ओढणारे बाळ ओढेनासे होते, जबडा आवळतो, अंग ताठते. त्या रात्री जागणाऱ्या बायकांना जंतू ठाऊक नव्हता, पण धोक्याचे दिवस पक्के ठाऊक होते. गरोदरपणीच्या लशीने आणि स्वच्छ बाळंतपणाने हा रोग इतका हटला की २०१५ मध्ये भारतातून त्याचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. म्हणून सटवाईची पूजा थांबली का? नाही. आजही पाट मांडतात, कागद-लेखणी ठेवतात, आणि घरात धाक कमी, कौतुक जास्त असते. भीती गेली, गोष्ट राहिली. आसरेचेही असेच व्हायला हवे.

आसरेच्या गोष्टीतही ठेवण्यासारखे खूप आहे. कोणत्या डोहात उतरू नये, कोणत्या विहिरीवर भर दुपारी एकट्या पोरीने जाऊ नये, नदीला पूर येताना पाण्याचा रंग कसा बदलतो, हे शहाणपण आज्यांनी आसरेच्या नावाने सांगून ठेवले. जाम आणि कन्हान या आपल्या नद्यांना कोरड्या दिवसांत पाहून फसणाऱ्या पोरांना ते आजही उपयोगी आहे. आणि आसरेच्या आड काही न सांगितलेलेही आहे. विहिरीत गेलेल्या एखाद्या सासुरवाशिणीबद्दल ‘आसरांनी ओढली’ असे म्हटले की पुढचे प्रश्न बंद होत. ती विहिरीपर्यंत का गेली, हे कोणी विचारीत नसे. गोष्ट जपायची तर हा प्रश्नही गोष्टीत आणावा लागेल. चांगला नाटककार तेच करील.

आपण १९५६ पासून मराठी राज्याच्या सीमेबाहेर आहोत. २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, तरी शाळा, कचेरी आणि बाजाराची भाषा हिंदीच आहे. तरी घरात ‘माय’, ‘बाई’, ‘ओटी’, ‘डोह’ हे शब्द टिकले, ते पिढ्यानपिढ्या येथे राहणाऱ्या आपल्या कुटुंबांमुळे. साती आसरा हा त्याच भाषेतला ठेवा आहे. ‘परी’ हा शब्द हिंदीतही आहे. ‘आसरा’ मात्र हिंदीत गेला की त्याचा अर्थ ‘आधार’ होतो आणि पाण्यावरच्या सात बहिणी पुसल्या जातात. एवढ्या एका शब्दात किती हरवते ते पाहा.

म्हणून मंडळाला माझी एक विनंती आहे. येत्या वर्षात प्रत्येक घरातून एक पान लिहून घ्यावे. आपल्या शेतात, गावात, माहेरी आसरांचे ठिकाण कोठे होते. ओटी कोणत्या दिवशी भरत. आजी काय सांगे. कोणत्या बाईची कोणती हकिगत सांगितली जाई. आजीच्या शब्दांतच लिहावे, सुधारून लिहू नये. बुजलेल्या विहिरीचेही नाव लिहावे. आणि अशी पन्नास पाने जमली की त्यांतून पोरांनी एक नाटुकले बसवावे, दंडारीच्या ढंगाचे, आपल्या बोलीतले. त्यात चकवा स्वतःच्या खोड्या स्वतः सांगेल, भोंदू भगताचा खिसा उलटा होईल, सात बहिणींपैकी बेडकी सर्वांत जास्त बडबड करील आणि बाळंतिणीला गाडीत घालून दवाखान्यात नेण्याची घाई आसराच करतील.

ते पाहताना पहिल्या रांगेतली एखादी आजी हसली, तर शेक्सपिअरने लंडनात केलेले काम येथेही सुरू झाले असे मी समजेन.